वाळवंटासाठी शिवलेल्या पिशव्या

मनोहर परवा माझी माफी मागायला आला, तो हेल्मेट न काढता. काच तेवढी वर केली. अठ्ठावीस वर्षांनी माफी मागायला येणाऱ्या माणसाने निदान डोकं उघडं ठेवावं, एवढीही रीत आता उरलेली नाही. अंगात काळं जाड जाकीट, गुडघ्यांना कवच, कोपरांना कवच, आणि खांद्यावरून पुढे आलेली एक रबरी नळी. पाठीवरच्या पिशवीतलं पाणी म्हणे त्या नळीने चोखायचं. आमच्या बोर्लीच्या बाजारात, मासळीच्या पाट्या आणि मिनिडोर रिक्षांच्या मधोमध, साठीला टेकलेला तो बाप्या तान्ह्या पोरासारखी नळी चोखत उभा होता.

"काय गो, ओळखलंस का?"

"नळी काढ तोंडातली. मग ओळखते."

त्याने नळी काढली आणि बगलेतली गोणी माझ्या टेबलावर, शिवायला घेतलेल्या रिक्षाच्या हुडावर, ठेवली. आतून निघाली पिशव्यांची जोडी. मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोंबणारी, हिरव्या कॅनव्हासची, पितळी कड्यांची. मी शिवलेली. ती मी तेव्हापासून आजवर पाहिली नव्हती, कारण मनोहरने शपथेवर सांगितलं होतं की वाटेत टाकून दिली.

"टाकली न्हवती मी," तो म्हणाला. "आणि फाटली पण न्हवती. खोटं बोललो मी. चेनच्या दुव्यांचा डबा मीच इथं मागे विसरलो होतो. तुझी पिशवी उसवली नि डबा वाटेत पडला असं सांगितलं लोकांना. तुझ्यावर ढकललं."

मी मशीनवरचा पाय काढला. बाजार नेहमीसारखाच ओरडत होता.

"उद्या परत निघतोय. पाच गाड्या. त्याच वाटेनं, पार त्या टोकाच्या वाळवंटापर्यंत. निघताना नाक्यावर सगळ्यांसमोर सांगतो खरं काय ते. व्हिडिओत पण सांगतो. या पिशव्या बांधूनच नेणार आहे, आठवण म्हणून. जरा पट्टे बघून ठेव."

एवढं बोलून तो गेलासुद्धा. त्याचे चार सोबती दिवेआगरला कुठल्याशा होमस्टेत उतरले होते, त्यांच्याबरोबर मोदक खायचे होते त्याला.

या माणसाच्या एका वाक्याने माझं काय केलं होतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. मी हूड, सीट आणि ताडपत्र्या शिवते. या धंद्यात नाव म्हणजे टाका. अठ्ठावीस वर्षं या बाजारात मी हूड शिवून दिलं की गिऱ्हाईक ते झटकून बघायचं आणि दात काढायचं, "काय बाई, वाळवंटात टिकेल ना?" ज्याने बोर्लीच्या पलीकडे म्हसळ्याचा घाट पाहिला नाही, तोसुद्धा मला वाळवंट विचारायचा. एकाने फारच लांबण लावली, तेव्हा मी त्याच्या हातातलं नवंकोरं हूड ओढून घेतलं आणि कात्रीने त्याच्यासमोर उभं फाडलं. मग नुसतं मला रागीट म्हणायला लागले, एवढाच फरक पडला. शिवण मात्र नासकी ती नासकीच राहिली. भाड्याच्या पडवीतून मी दोन गाळ्यांच्या दुकानापर्यंत आले, ते या खवचट हसण्याला डोक्यावर घेऊन.

तेव्हा परवा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उभा जन्म मी घासाघीस करण्यात घालवला आहे. न मागता कुणी भाव कमी केला की मी माल उलटा करून बघते. माफीचंही मला तसंच वाटलं. पण पिशवी उलटी करण्याआधी मी तिचं झाकण उघडलं, आणि तिथेच फसले. आतून आधी नुसती धूळ आली, परक्या मुलखाची, पिठासारखी कोरडी. आणि तिच्याखालून, दबकत दबकत, मधमाशांच्या मेणाचा वास आला.

हा वास माझ्या दुकानातून कधी गेला ते मला सांगता येत नाही.

त्या वर्षी दसरा ओलाच गेला होता. इक्बालच्या गॅरेजला लागून माझी पडवी. मधे नुसती माडाच्या झापांची भिंत. तिकडे त्याने पान्हा खाली टाकला की इकडे माझ्या सुया हलायच्या. इक्बाल बोर्लीतला सगळ्यात चांगला मेकॅनिक आणि सगळ्यात कमी बोलणारा माणूस. मनोहर दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीतला, बापाच्या जिवावर मोकळा. त्याच्या अंगाला ओल्या सुपारीचा तुरट वास आणि बोलायचं हा कधी थांबवत नसे. दोघांच्या दोन जुन्या गाड्या, मनोहरची काळी, इक्बालची लाल. वाळवंट बघायचं हे वेड मनोहरने कुठून आणलं हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. एक दिवस दोघे पडवीच्या पायरीवर बसले, आणि नंतरचे दोन महिने तिथून उठले नाहीत.

आता जे निघतात ते काय तयारी करतात, मी बघते की. फोनवर बोट फिरवलं की चौथ्या दिवशी खोकं दारात. लोखंडी पेट्या, दिवे, गाडीला जाळ्या, कमरेला पट्टे. यातलं कशाला काय म्हणतात तेही त्यांना खोक्यावर वाचावं लागतं. पेटीचं झाकण बसत नाही म्हणून परवाच एक जण माझ्याकडे आला होता. खटका उलटा लावला होता त्याने. वाळवंट जिंकायला निघालेला मर्द, खटक्यापुढे घामाघूम.

आमच्याकडे खोकी येत नव्हती. एकेक वस्तू भांडून आणावी लागायची. कॅनव्हास बाजारातल्या शेठकडून. ट्रकच्या हुडाचा उरलेला तागा, एका कडेला डाग पडलेला. मी तो उन्हात पसरला आणि नाक मुरडलं.

"शेठ, हे उंदराने चाखलंय."

"बेन, आमां कंई मळतुं नथी, काही सुटत नाही मला. खरेदीच्या भावात सांगतो."

"नथी तर राहू द्या. तुमचेच उंदीर आहेत, त्यांना विका."

तीन दिवस मी त्या दुकानावरून मान वळवून गेले. चौथ्या दिवशी शेठनेच हाक मारली. त्या कापडाला नव्या पाटीसारखा वास होता, आणि सुई शिरली की ते कुरकुरायचं. पितळी कडी मी बंदरावरच्या मोडक्या होडीतून काढून आणली. पट्टे घोड्याच्या खोगिराचे. टांगेवाल्याने टांगा विकून रिक्षा घेतली होती, ते त्याच्या पडवीत पडले होते.

मला स्वतःला कुठे जायचं नव्हतं. लोकांना हे खरं वाटत नाही. बाई म्हटलं की नेलं नाही म्हणून रुसली असेल, असंच त्यांना वाटतं. मला मोटारसायकलवर बसायचं नव्हतं, मला वाळवंट बघायचं नव्हतं. सव्वीस वर्षांची होते, रिक्षांची हुडं शिवत होते, आणि माझा टाका श्रीवर्धनच्या पलीकडे गेला नव्हता. तो जावा, एवढंच हवं होतं.

टाका मला शिकवला तो श्रीवर्धनच्या बंदरावरच्या एका म्हाताऱ्याने. होड्यांची शिडं शिवत म्हातारा झालेला, बोटं वेताच्या कांड्यांसारखी. तो म्हणायचा, दोरा सुती घे, मेणातून ओढ, आणि भोक दोऱ्याहून जरासुद्धा मोठं पाडू नकोस. सुताला पाणी लागलं की ते फुगतं, आणि आपलं भोक आपणच बुजवतं. तेव्हा नायलॉनचा दोरा नुकता बाजारात आला होता, चकचकीत, काचेसारखा. मी त्याला हात लावला नाही. भोकात बसतो पण भोकाचा होत नाही, असं मी चारचौघांत ऐकवायचे. मला माझ्या तोंडाचा तेव्हाही फार अभिमान होता.

दुपारी मेण वितळायला ठेवलं की पडवीभर मधाचा वास सुटायचा. झापांच्या भिंतीतून तिकडचा जळक्या ऑइलचा वास त्यात मिसळायचा. रस्त्यापलीकडे कुणी सुकत घातलेले बोंबील. मशीनची धडधड थांबली की इक्बालची कानस ऐकू यायची, कानस थांबली की मनोहर.

चोरकप्पा ही माझी कल्पना. उजव्या पिशवीच्या तळाला, बाहेरून दिसणार नाही असा, चाकाच्या बाजूला. हात आतूनच घालायचा. चेनचे सुटे दुवे आणि दोन पिना असलेला चपटा तंबाखूचा डबा तिथे बसायचा. चेन तुटली तर गाडीला पुढे नेणारी तीच एक गोष्ट, म्हणून तिला सगळ्यात आतली जागा. मी तिथे दुहेरी शिवण घातली. मग पिशवीत विहिरीचं पाणी भरून ती इक्बालच्या तुळईला सकाळपासून संध्याकाळपर्यंत टांगली. अर्धा बाजार बघायला आला. मनोहर खाली वाकून तीर्थ घ्यावं तसा तळवा धरून उभा होता.

"कोरडी गो! पार कोरडी!"

इक्बालने पिशवीच्या तळावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कामाला बसला. एवढी मोठी शाबासकी मला नंतर कुणी दिली नाही.

आज त्या टांगलेल्या पिशवीचा विचार केला की मला आम्हां तिघांची कीव येत नाही, किळस येते. वाळवंटाला निघालेल्या गाडीची आम्ही पाण्याने परीक्षा घेत होतो. सगळीच तयारी तशी. रेनकोट दोन. गमबूट. काड्यापेट्या मेणकापडात, मेणकापड प्लास्टिकमध्ये, प्लास्टिक पुन्हा मेणकापडात. पाण्याच्या मात्र दोन बाटल्या.

"दोन पुरतील?" मी एकदाच विचारलं होतं.

"विहिरी असतीलच की," मनोहर म्हणाला. "माणसं ऱ्हातात म्हटल्यावर विहीर हाय."

समुद्राकाठच्या माणसाला पाण्याची भीती असते, तहानेची नसते. दर दहा पावलांवर विहीर, दर विहिरीला रहाट. आम्हांला तहान म्हणजे घरी जाऊन पाणी पिणे एवढंच ठाऊक.

आणि ग्रीस! आमच्याकडे पावसाळ्याआधी गाडीला जळक्या ऑइलने आंघोळ घालतात, नाहीतर खारी हवा चार महिन्यांत लोखंडाची पोळी करून टाकते. मनोहरने तेच केलं, पण दुप्पट. चेनला त्याने स्वतः हाताने ग्रीस फासलं, मिठाईवाल्याने तूप लावावं तसं. इक्बाल म्हणाला, "बस झालं रे." मनोहर म्हणाला, "लांबचा प्रवास हाय, खाऊ दे तिला." वाळू त्या ग्रीसला कशी मिठी मारेल आणि आतून चेन कशी कातत नेईल, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

वाळूची आम्हांला भीती नव्हतीच. आमच्या घरची ती. ओहोटीला दिवेआगरच्या किनाऱ्यावर दोघे गाड्या घेऊन जायचे. ओली वाळू डांबरी सडकेसारखी टणक, त्यावर टायरची नक्षी उमटायची. मी सुरूच्या झाडाखाली बसून पिशव्या हलतात का बघायचे. मनोहर हात सोडून गाडी हाकायचा आणि ओरडायचा, "वाळूत चालवायला आपल्याला कोण शिकवणार?" त्याच्या ओरडण्याने तुतवार पक्ष्यांचा थवा उठायचा आणि थोडा पुढे जाऊन पुन्हा बसायचा. संध्याकाळी वाडीतून फिरताना पायाखाली सुपारीची सालं मोडायची. मनोहरची आई आम्हांला ओल्या नारळाच्या करंज्या द्यायची. काय गर्व होता तिघांच्या चेहऱ्यावर! भरतीने दिवसातून दोनदा चापून दिलेली वाळू, आणि तिच्यावरून आम्ही सगळ्या जगातल्या वाळूची पारख करत होतो.

मार्गशीर्षात निघाले. सकाळी नाक्यावर चाकांपुढे नारळ फोडला, टायरखाली लिंबं ठेवली. मनोहरच्या आईने दोघांच्या हातांवर दही घातलं. मनोहरने चेनचा डबा सगळ्यांना दाखवायला काढला होता, हवेत उंच धरला होता, तेवढं मला आठवतं. मग किक, मग आवाज, मग म्हसळ्याच्या वळणापर्यंत दोन हिरव्या पिशव्यांच्या पाठी. त्या दिसेनाशा झाल्या तरी मी उभी होते. माझा टाका निघाला होता.

बाराव्या दिवशी टेम्पोतून परत आले. गाड्या आडव्या पडलेल्या, सुक्या मासळीच्या गोणींसारख्या. इक्बालचे ओठ फाटलेले. कुठल्याशा शेवटच्या गावाच्या पुढे मनोहरची चेन तुटली, डबा सापडला नाही, लाल गाडीने ओढून न्यावं तर वाळूत तीही रुतली, आणि इक्बाल पाण्यासाठी एक अख्खा दिवस चालला. एवढंच कळलं, तेही चहाच्या टपरीवर, मनोहरच्या तोंडून, आणि त्याच्या पुढच्याच घोटाला, "बाईची पिशवी उसवली."

"दाखव," मी म्हटलं.

"टाकून दिली वाटेत."

"माझी पिशवी, मला न दाखवता?"

"फाटकी पिशवी दाखवायची काय? पूजा करायची तिची?"

टपरी हसली. मी ग्लास फेकला. लागला नाही त्याला. इक्बाल आपल्या चहात बघत राहिला. त्यानंतर तो मनोहरशी कधी बोलला नाही. वर्षभरात आखातात गेला, खऱ्या वाळवंटात, पगारावर. सुट्टीवर आला की माझ्या दुकानात बसायचा, खजूर द्यायचा, मुलाबाळांचं सांगायचा, पण त्या प्रवासाचा शब्द नाही. त्याचं मनोहरशी न बोलणं हाच मी पुरावा धरला. खोटं इक्बालला ठाऊक आहे, असं मी स्वतःला सांगायचे, आणि त्यावर जगायचे.

आता तिथे काही नाही. वादळात माझी जुनी पडवी गेली, गॅरेजचे पत्रे दिवेआगरच्या वाटेवर सापडले. मनोहरच्या वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. उरलेल्या जागेत त्याने खोल्या बांधल्या आहेत. पनवेलला जाऊन तो मोठा झाला, जमिनी घेतो, विकतो. गॅरेजच्या जागी थंड पेयांचं दुकान आहे, फ्रीज दिवसभर घरघरतो. कुणी आता कानसेने काही घासत नाही. मीसुद्धा नायलॉननेच शिवते. मेण महाग झालं आणि गिऱ्हाइकाला थांबायला वेळ नाही, असं मी सांगते.

परवा दुपारी हे सगळं नाकातून जाईपर्यंत चहा थंड झाला होता. मग मी पिशवी उलटी केली.

डावी धडधाकट. उजवी वरून धडधाकट. तळाला हात लावला तर वाळू आणि ग्रीसचा वाळलेला थर, गेरूच्या पोपड्यासारखा. ब्लेडने खरवडला. खाली चोरकप्पा. त्याच्या कोपऱ्यातून माझी बोटं आरपार बाहेर आली.

चार बोटं रुंद भोक. उजेडात नेलं. कापड कुठेच फाटलं नव्हतं. कापड चांगलंच होतं, शेठने लुटलं नव्हतं मला. टाकाच गेला होता. दर भोकात वाळूचा कण बसलेला आणि दर भोकाशी दोरा कातलेला, दोन्ही शिवणींचा. दुहेरी. सुताला तिथे पाणीच मिळालं नाही, ते फुगलं नाही, भोकं उघडी राहिली, आणि चाकाने उडवलेली वाळू त्यांत शिरून तीनशे कोस दोरा करवतत राहिली. पाण्यासाठी शिवलेली शिवण मी कोरड्या देशात पाठवली होती. डबा मनोहर विसरला नव्हता. डबा या भोकातून पडला होता, आणि मग ग्रीस-वाळूच्या थराने भोक लिंपून टाकलं, म्हणून मनोहरला ते सापडलंच नाही.

म्हणजे ज्याला तो अठ्ठावीस वर्षं खोटं समजत होता, ते खरं होतं. आणि ज्याला मी खोटं म्हणत आले, तेही.

मी पिशवी गोणीत घातली आणि गोणी टेबलाखाली ढकलली. खरं सांगते, मला पहिला विचार हाच आला की चार टाके घालून टाकावेत. जुना दोरा पेटीत आहे अजून. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी तो नाक्यावर उभा राहणार, कॅमेऱ्यात बघून सांगणार, आणि बोर्ली ऐकणार. या बाजाराने मला काय कमी छळलं होतं? दोरा मी काढलासुद्धा. सुईत ओवलासुद्धा. मग टाका नीट बसावा म्हणून पिशवी पुन्हा उजेडात धरली, आणि त्या कातलेल्या टोकांकडे बघून मला त्या सव्वीस वर्षांच्या तोंडाळ मुलीचा असा संताप आला की मी सुई कापडात तशीच खुपसून ठेवली. शिवण चुकली तर चुकली. ती झाकणारी बाई मी नव्हते कधी, आता काय होणार होते?

काल सकाळी नाक्यावर पाच गाड्या एका रांगेत, पाचही धुतलेल्या. पाच माणसं, एकाहून एक फुगलेली, चिलखतं घालून. एकाने फोन काठीवर लावून धरला होता. मिनिडोरवाले, मासळीवाल्या, पेपरवाला, सगळे जमले होते. फुकटचा तमाशा या गावाने कधी सोडलेला नाही. मनोहरने या वेळी हेल्मेट काढलं.

"मंडळी," त्याने सुरुवात केली, "या बाईंची मी बदनामी केली. यांची शिवण –"

"थांब," मी म्हटलं.

"बोलू दे गो. एकदा तरी बोलू दे."

"तू खोटं बोलला नव्हतास, मनोहर. खोटं बोलायची तेवढी अक्कल तुला कधी नव्हती."

लोक हसले. मी गोणीतून पिशवी काढली, चोरकप्प्यातून चार बोटं बाहेर काढली आणि त्याच्या नाकासमोर हलवली. "हे बघ. माझी शिवण गेली. डबा इथून पडला. तू घेतला होतास तो."

त्याने हातमोजे काढले. स्वतःची बोटं घालून बघितली. मग पानाच्या टपरीच्या पायरीवर खाली बसला, त्या गुडघ्याच्या कवचांमुळे धड वाकताही येईना त्याला.

"मी घेतला होता?"

"व्हय."

"मी विसरलो न्हवतो."

"न्हाय."

"घरातला माळा मी किती वेळा उपसला गो त्या डब्यासाठी. आईला म्हटलं, नाक्यावर दाखवून तुझ्याच हातात दिला, तूच भंगारात घातलास. ती बिचारी शपथा घ्यायची. मेली तरी मी तिला –"

फोनवाला त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागला. "अंकल, शूटिंग बंद करू?"

"कशाला बंद?" मी म्हटलं. "एवढं सामान विकत घेतलंत, एक खरी गोष्ट फुकट मिळतेय, ती पण न्या."

मनोहर डोळे पुसून हसला. "मग माझी माफी परत दे मला."

"चेनला ग्रीस कोणी फासलं होतं?"

"मी."

"मग अर्धी ठेवून घेते."

"आणि बाकी अर्धी?"

"परत. तिच्यावर माझी अर्धी घे." हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला म्हटलं.

पिशवी मी त्याला नेऊ दिली नाही. असली शिवण माझ्या नावाने पुन्हा त्या वाटेला जायची नाही. त्यानेही आग्रह केला नाही. खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि माझ्या हातात दिला.

"इक्बाल हाय. नव्या नंबरवरनं लावलाय, माझा बघितला की कापतो तो. तू सांग. माझं न्हाय ऐकायचा."

पलीकडे कुठेतरी यंत्राची घरघर होती. "हॅलो? कोण?"

मी नाव सांगितलं. बोर्लीच्या नाक्यावरून बोलतेय म्हटलं. मग म्हटलं, "इक्बाल, तो चेनचा डबा पिशवीतच होता रे. मनोहर विसरला नव्हता. पिशवी उसवली, तिच्यातून पडला."

मनोहर तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता.

"तो तिथं उभा हाय काय?" इक्बाल म्हणाला. "त्यानं सांगायला लावलं तुला?"

"न्हाय. मी माझ्या हातांनी बघितलं."

"न्हाय बाई," तो म्हणाला. आवाज म्हातारा झाला होता, पण तसाच ठाम होता. "मी माझ्या अंगठ्यानं बघितली होती ती पिशवी. तो खोटं बोलतोय ते मला तिथंच कळलं, वाळूत. म्हणून तर मी बोलायचं टाकलं त्याच्याशी. तुझी शिवण कशी जाईल?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गेली," मी म्हटलं. "गेली होती, इक्बाल." आणि त्याने आणखी काही माझ्या बाजूने बोलायच्या आत फोन मनोहरच्या कानाला लावला.